बाहेरून अँटीऑक्सिडंट द्यायचं की पेशीतलाच स्विच दाबायचा?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणि हळदीचा काढा सुरू होता, तेव्हापासून अँटीऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळे पेशींची होणारी जाळपोळ रोखणारा पदार्थ, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र ही जाळपोळीची भानगड बरीच जुनी आहे.

१८९९ मध्येच लोरेन स्मिथ यांनी दाखवून दिलं होतं की जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या प्राण्यांची फुप्फुसं सुजतात, म्हणजे ज्याच्यावर जगायचं तोच अती झाला की जाळतो. का जाळतो ते कळायला १९५४ उजाडलं. रेबेका गर्शमन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की ऑक्सिजनची विषबाधा आणि एक्स-रेचा मार, दोन्हीच्या मागे फ्री रॅडिकल्सच आहेत, म्हणजे पेशींची मोडतोड करणारे अस्थिर रेणू. मग १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना ते रॅडिकल्स विझवणारं एन्झाइम सापडलं, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, आणि शरीराकडे स्वतःची अग्निशमन व्यवस्था असते हे पक्कं झालं.

मधल्या काळात, १९६७ ला, डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ पेशंट्सचं वर्णन छापलं: अचानक धाप, ऑक्सिजन देऊनही निळे पडलेले, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. त्यातले ७ गेले. हेच पुढे एआरडीएस, म्हणजे फुप्फुसं अचानक निकामी होण्याचा गंभीर आजार. १९९४ मध्ये त्याच्याच जरा सौम्य टप्प्यापासून सगळ्याला मिळून 'अ‍ॅक्यूट लंग इंज्युरी' म्हणायचं ठरलं, २०१२ च्या बर्लिन व्याख्येत ते नाव काढून टाकलं, तरी उंदरांवर काम करणारे अजून तेच वापरतात.

या आजारातही फ्री रॅडिकल्सची आग आहे तर पाणी ओता, असा साधा हिशोब झाला. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे अँटीऑक्सिडंट औषध देऊन बघितलं, मृत्यू काही ठोस कमी झाले नाहीत. ओमेगा-३ सोबत अँटीऑक्सिडंट नळीतून दिले, तो ट्रायल २०११ मध्ये उपयोग नाही म्हणून मधेच थांबल्याचं छापून आलं. बाहेरून दिलेलं औषध योग्य पेशीत, योग्य वेळी, पुरेसं पोचतच नसावं, असं मला तरी वाटतं.

खरी गंमत इथे सुरू होते. १९९४ मध्ये एनआरएफ-२ हे प्रोटीन, म्हणजेच पेशीतला तो स्विच, सापडलं आणि जपानच्या यामामोतो गटाने १९९७ ते ९९ मध्ये त्याचा कारभार उलगडला. एरवी कीप-१ नावाचं दुसरं प्रोटीन त्याला धरून ठेवतं आणि सरळ मोडीत पाठवतं, पण ताण आला की कीप-१ ची पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात शिरतं आणि ग्लुटाथायोन हे शरीराचं स्वतःचं अँटीऑक्सिडंट बनवणाऱ्या जीन्सपासून हीम ऑक्सिजनेज-१ या संरक्षक एन्झाइमपर्यंत अख्खी फौज एकदम कामाला लागते. २००२ मध्ये क्लीबर्गर यांच्या गटाने दाखवलं की एनआरएफ-२ चं जीन नसलेल्या उंदरांची फुप्फुसं जास्त ऑक्सिजनमध्ये जास्त बिघडतात. २००७ मध्ये माणसातही याच जीनच्या एका बदलाचा आणि मोठ्या दुखापतीनंतरच्या फुप्फुसाच्या इजेचा संबंध दिसला.

मग काय, ब्रोकोलीतलं सल्फोराफेन, हळदीतलं कर्क्युमिन, सगळे स्विच दाबणारे म्हणून पुढे आले. उंदरांत छान निकाल येतात, पण तिथे बरेचदा औषध आधी देतात आणि इजा नंतर करतात, आयसीयूत येणारा पेशंट मात्र आधीच जळालेला असतो. शिवाय स्विच कायम चालू राहिला तर? फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये कीप-१ बिघडलेलं असतं आणि एनआरएफ-२ चा फायदा कॅन्सरच्याच पेशी उचलतात. कोविडमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये डायमिथाइल फ्युमरेट, म्हणजे एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) साठी वापरात असलेली, एनआरएफ-२ चाच स्विच दाबणारी गोळी, दाखल पेशंट्सना देऊन बघितली. फरक पडला नाही, उलट काहींना चेहरा लाल होणं आणि पोटाचा त्रास म्हणून ती बंद करावी लागली.