खाणीच्या डंपबद्दल जनसुनावणीत म्हणणं कसं मांडायचं: कोण बोलू शकतं, कागद कोणते, मुदती काय

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत पावसाळ्यात शेतात उतरणारं लाल पाणी कुणाला नव्याने सांगायला नको. गोव्यात एक टन खनिज काढताना साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती-दगड निघतो. तो डंपवर, म्हणजे खाणीजवळच्या टाकाऊ मातीच्या ढिगावर चढतो, आणि वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पडणारा पाऊस त्यातली माती ओढ्यांत, भातशेतीत आणि शेवटी मांडवी-जुवारीत आणून सोडतो. या मातीचा बंदोबस्त कसा करणार, हे खाणीच्या पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालात लिहावं लागतं. ते उपाय टिकतील का, हे विचारायची गावाची अधिकृत जागा म्हणजे पर्यावरण परवान्याआधीची जनसुनावणी.

तिचे नियम 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत आहेत. सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं; अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात नोटीस यावी लागते. ‘ब-2’ वर्गातल्या (आघात मूल्यांकन अहवाल न लागणाऱ्या) प्रकल्पांना मात्र जनसुनावणी नसते, म्हणून आपल्या भागातल्या प्रस्तावाचा वर्ग आधी ‘परिवेश’ या केंद्राच्या पर्यावरण परवान्यांच्या पोर्टलवर पाहा.

पात्रतेबद्दल गावागावांत गैरसमज आहेत. जमीन नावावर असायची गरज नाही. कूळ, शेतमजूर, विहिरीचं पाणी भरणारी बाई, नदीत मासे धरणारा, असा कुणीही स्थानिक बाधित माणूस बोलू शकतो. बाहेर राहणाऱ्या पण विषयाशी संबंध असलेल्या माणसाने मंडळाला लेखी म्हणणं पाठवायचं. तुमच्या ओळखीचा मृदाशास्त्राचा प्राध्यापक किंवा निवृत्त खाण अभियंता असेल, तर त्याच्याकडून दोन पानं लिहून घ्यायचा रस्ता हाच. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो: सुनावणीला गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची अट नाही. बहिष्कार टाकला म्हणून ती रद्द होत नाही, फक्त इतिवृत्तात तुमचं म्हणणं येत नाही.

कागदपत्रं सक्तीची अशी कुठलीच नाहीत, निवेदनाला शुल्कही नाही. तरी पुराव्याशिवाय केलेली तक्रार पुढे फार टिकत नाही. शेताचा एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रात सातबारा) आणि सर्व्हे प्लॅन, गाळ साचल्याचे तारखेसह फोटो, विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल असेल तर तो, आणि कृषी खात्याने नुकसानीचा पंचनामा केला असेल तर त्याची प्रत जोडा. निवेदनाच्या दोन प्रती करा. एक देऊन दुसरीवर पोच घ्या.

खरी मेहनत आहे ती अहवाल वाचण्यात. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र आणि मंडळाच्या कार्यालयात पाहायला ठेवलेला असतो. सारांश स्थानिक भाषेतही असावा लागतो. पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याचं प्रकरण उघडा आणि प्रत्येक उपायावर प्रश्न काढा. गाळ बसवण्याची तळी किती घनमीटरची आणि किती पावसासाठी आखली आहेत? सरासरीचा हिशेब असेल तर जुलैतल्या एका मुसळधार दिवशी ती भरून वाहतील. त्यांतला गाळ कधी उपसणार आणि टाकणार कुठे? डंपच्या पायऱ्यांची उंची आणि उताराचा कोन किती? पायथ्याची भिंत नुसत्या चिऱ्यांची आहे की पाणी निथळायची सोय केलेली? उतारावर काथ्याची जाळी आणि वाळा लावणार की नुसतं ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून हिरवं दाखवणार? डंप पट्ट्याच्या, म्हणजे खाणीसाठी भाडेपट्टीने दिलेल्या जागेच्या आतच आहे ना? हा प्रश्न सोडू नका, कारण पट्ट्याबाहेर डंप टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात स्पष्ट केलं आहे. पाणी कुठल्या वाटेने येतं हे गावातल्या जुन्या माणसाला नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं. तज्ज्ञाला त्याच्यासोबत एकदा बांधावरून फिरवून आणलंत तर निवेदनाचं वजन वाढतं.

सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी मुद्द्यांचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि त्याच दिवशी इतिवृत्तावर सही व्हायची असते. म्हणून बोलून झालं की घरी जाऊ नका. आपला मुद्दा वाचला गेला नाही तर तिथेच हात वर करा. इतिवृत्त आठ दिवसांत पुढे जातं. तुमच्या मुद्द्यांना उत्तर देऊन कंपनीने अंतिम अहवाल करायचा, आणि तो तज्ज्ञ मूल्यांकन समिती तपासते: ‘अ’ वर्गाला दिल्लीची, ‘ब’ वर्गाला राज्याची. समिती आक्षेप स्वीकारो वा फेटाळो, तिने कारणं द्यायला हवीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये ‘उत्कर्ष मंडळ विरुद्ध केंद्र सरकार’ या प्रकरणात सांगितलं. तो वाद गोव्यातल्याच एका खाणीचा होता. निवेदनात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

परवाना मिळाला आणि तो मान्य नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करायचं. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी 60 दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. गोवा आणि महाराष्ट्रासाठी पुण्याचं खंडपीठ आहे.

परवान्यातल्या अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे, अर्ज करून प्रत मागता येते. जूनच्या अहवालात तळी उपसली असं लिहिलं असेल, तर पाऊस धरायच्या आत तिथं जाऊन तारखेसह फोटो काढून ठेवा.