नाव नोंदवलं म्हणून भत्ता सुरू होत नाही

"एम्प्लॉयमेंटमध्ये नाव टाका, महिन्याला पाच हजार भत्ता येते, त्यातच कोर्सची फी निघते." आर्वीकडे कापूस वेचतानाही हेच कानी येतं. शेजारची पोरगी फॉर्मचे तीनशे भरून, पावती ओढणीच्या टोकाला बांधून सहा महिने बँकेच्या मेसेजची वाट पाहत होती. जीव तुटला माझा.

‘महास्वयम’ या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवरची नोंदणी मोफत असते, आणि ती नुसती नोंदणीच. २०२२ मधला सहा हजारांच्या ‘प्रधानमंत्री बेरोजगारी भत्त्या’चा मेसेजही केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, पीआयबीने, खोटा ठरवला. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी पास उमेदवाराला ६,०००, पदवीधराला १०,००० रुपये मिळतात, पण ते काम शिकण्याचं विद्यावेतन. शिक्षण चालू असेल तर नाही. फीसाठी बँकेत शैक्षणिक कर्ज विचारा. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, शेत गहाण टाकू नका.