सगळी सुरुवात वॉरंटपासून झाली आणि वॉरंटच अजून नीट सुटलेलं नाही

ऑप्शन म्हणजे शेअर ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, आणि त्याची किंमत कशी काढायची म्हटलं की लोक थेट ब्लॅक-शोल्स फॉर्म्युल्यावर येतात आणि मग वाद सुरू, फॉर्म्युला बरोबर की चूक. पण त्याआधी काय झालं ते बघितलं तर बराच उलगडा होतो, कारण अमेरिकेत १९६० च्या दशकात हे डोकं चालवणाऱ्यांसमोर प्रश्न होता तो वॉरंटचा, म्हणजे कंपनी स्वतःच देते त्या, तिचे शेअर ठरलेल्या भावाला घेण्याच्या हक्काचा. ऑप्शन तेव्हा डीलरकडून फोनवर घ्यायचे, भाव कुठे छापून यायचे नाहीत फारसे, वॉरंटची मात्र एक्सचेंजवर खरेदीविक्री चालायची, म्हणजे डेटा होता.

त्याच्याही कितीतरी आधी, १९०० साली, पॅरिसमध्ये लुई बाशेलिएने थीसिस लिहिला. भाव पुढच्या क्षणी कुठे जाईल ते सांगता येत नाही हे धरून त्याने सरकारी बाँडवरच्या ऑप्शनची किंमत काढली, आइनस्टाइनच्या ब्राउनियन मोशनच्या (द्रवातल्या कणांच्या अस्ताव्यस्त हालचालीच्या) पेपरआधी पाच वर्षं! त्याच्या गणितात भाव शून्याच्या खाली जाऊ शकायचा आणि शेअरचं तसं होत नाही, म्हणून पुढे सगळ्यांनी तो दोष मानला. (एप्रिल २०२० मध्ये अमेरिकन क्रूड फ्युचर (कच्च्या तेलाचा पुढच्या तारखेचा सौदा) उणे ३७.६३ डॉलरला बंद झालं तेव्हा शिकागोच्या सीएमई या एक्सचेंजने काही एनर्जी ऑप्शनसाठी हेच बाशेलिए मॉडेल लावलं. १२० वर्षांनी. मला हे वाचून खरंच भरून आलं होतं.)

मधली पन्नासेक वर्षं अर्थशास्त्रात त्याला कोणी फारसं विचारलं नाही. मग अर्थतज्ज्ञ सॅम्युएलसनच्या हाती तो थीसिस लागला आणि १९६५ मध्ये त्याने वॉरंटवर पेपर लिहिला, त्याआधी स्प्रेंकल आणि बोनेस यांचेही फॉर्म्युले येऊन गेले होते. सगळ्यांची अडचण एकच, शेअर दरवर्षी सरासरी किती वाढेल आणि रिस्कसाठी कुठला दर लावायचा हे आधी गृहीत धरायला लागायचं, आणि त्यावर दोन माणसांचं एकमत होणं अवघड. थॉर्प आणि कॅसुफ यांनी १९६७ मध्ये वेगळी वाट धरली, महाग वॉरंट शॉर्ट करायचं (उसनं घेऊन आधी विकायचं, नंतर परत घ्यायचं) आणि सोबत शेअर घेऊन ठेवायचा.

ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी ही हेजिंगची, म्हणजे एका सौद्याची जोखीम दुसऱ्याने झाकण्याची कल्पना शेवटपर्यंत नेली. हेज सतत अॅडजस्ट करत राहिलं तर शेअर किती वाढेल हा आकडाच गणितातून गळून पडतो, उरतं काय तर शेअरचा भाव, स्ट्राइक (घेण्या-विकण्याचा ठरलेला भाव), मुदत, व्याजदर आणि व्होलॅटिलिटी (भाव किती हेलकावे खातो ते), त्यातले पहिले चार समोर दिसतात आणि अंदाज बांधावा लागतो तो फक्त पाचव्याचा. माझ्या मते खरा शोध हाच. ब्लॅक आणि शोल्स यांचा पेपर दोन जर्नल्सनी आधी परत पाठवला होता, शेवटी १९७३ मध्ये छापून आला, त्याच वर्षी २६ एप्रिलला शिकागोत ऑप्शन एक्सचेंज सुरू झालं, १६ शेअर्सचे फक्त कॉल (घेण्याच्या हक्काचे ऑप्शन), पहिल्या दिवशी ९११ कॉन्ट्रॅक्ट.

आता हे बाजाराशी जुळतं किती? ब्लॅकने स्वतः सांगून ठेवलेला किस्सा इथे महत्त्वाचा आहे. फॉर्म्युल्याप्रमाणे नॅशनल जनरल कंपनीचे वॉरंट सगळ्यात स्वस्त दिसत होते म्हणून या मंडळींनी खरंच विकत घेतले, थोडे दिवस बरं चाललं, मग दुसऱ्या कंपनीने टेकओव्हरची ऑफर दिली आणि त्या ऑफरच्या मूळ अटींमुळे वॉरंटची किंमत एकदम घसरली. गणितात चूक नव्हती. अटी गणितात नव्हत्या.

वॉरंटचं हेच दुखणं आहे. ऑप्शन दोन ट्रेडरमधला करार, वॉरंट कंपनी स्वतः काढते आणि ते वापरलं की नवे शेअर निघतात म्हणजे डायल्यूशन (जुन्या शेअरचा वाटा पातळ होणं) आलं, मुदत अनेक वर्षांची, त्यात मध्येच कंपनीने डिव्हिडंड बदलला, वॉरंट मुदतीआधी परत मागवलं, काहीही. तीन महिन्यांच्या ऑप्शनला एकच व्होलॅटिलिटी धरली तर चालून जातं, सात वर्षांच्या वॉरंटला कशी धरणार?

अर्थात ऑप्शनवरही सगळं सुरळीत नव्हतं. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ इंडेक्स एका दिवसात २२.६ टक्के पडला आणि त्यानंतर इंडेक्सचे खालच्या स्ट्राइकचे पुट (विकण्याच्या हक्काचे ऑप्शन) कायमचे महाग झाले. फॉर्म्युला म्हणतो एका शेअरची किंवा इंडेक्सची व्होलॅटिलिटी सगळ्या स्ट्राइकला सारखीच, बाजार म्हणतो नाही. हेस्टन, ड्युपायर यांची १९९० च्या दशकातली मॉडेल्स स्ट्राइकप्रमाणे बदलणाऱ्या व्होलॅटिलिटीच्या याच वाकड्या रेषेला उत्तर द्यायला आली. ट्रेडर मात्र अजून ब्लॅक-शोल्स वापरतातच, पण उलट्या बाजूने, बाजारातला भाव टाकायचा आणि त्यातून व्होलॅटिलिटी काढायची.

आणि वॉरंट? २०२१ मध्ये स्पॅक कंपन्यांचे (पुढे एखादी कंपनी विलीन करून घेण्यासाठीच आधी पैसे उभारणाऱ्या) ढीगभर वॉरंट बाजारात होते, स्ट्राइक साधारण ११.५० डॉलर, आणि शेअर १८ च्या वर काही दिवस टिकला की कंपनी ते परत घेऊ शकायची, म्हणजे वरचा फायदा तिथेच अडला. साध्या फॉर्म्युल्यात ही अट बसत नाही, त्यासाठी बायनोमियल ट्री (भावाच्या पायरी-पायरीच्या वाटा मोजणं) किंवा माँटे कार्लो (हजारो संभाव्य वाटा काढून सरासरी घेणं) चालवावं लागतं. त्या एप्रिलमध्ये एसईसीच्या (अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या) स्टाफने सांगितलं की यातले बरेच वॉरंट हिशेबात देणं म्हणून दाखवायला लागू शकतात, आणि मग कितीतरी कंपन्यांना जुने ताळेबंद पुन्हा काढून दर तिमाहीला त्या वॉरंटची किंमत नव्याने ठरवत बसायला लागलं.