बाससाठी फ्लाय रॉड नाजूक? दोष रॉडचा नाही

फ्लाय, म्हणजे केसा-पिसांचं हलकं नकली आमिष, फेकायचा फ्लाय रॉड ट्राउट माशासाठी ठीक, लार्जमाउथ बास या ताकदवान माशापुढे तो टिकत नाही, असा समज अनेकांचा असतो. पण अडचण माशाच्या ताकदीची नसून फ्लायच्या आकाराची आहे. फ्लाय लांब जाते ती लाइनच्या, म्हणजे रॉडवरच्या जाड दोरीच्या वजनाने; नंबर मोठा तशी लाइन जड. ट्राउटसाठी वापरतात त्या ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात, ८ नंबरचे साडेतेरा. बाससाठीचा हरणाच्या केसांचा फुगीर पॉपर (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) हवा अडवतो. हलकी लाइन त्याला ओढू शकत नाही, लीडरला (लाइन आणि फ्लाय जोडणाऱ्या बारीक दोऱ्याला) पीळ पडतो आणि सगळं पुढ्यातच कोसळतं. मग बोल रॉडला!

९ फुटी, ७ किंवा ८ नंबरच्या लाइनसाठीचा रॉड घ्या. पुढून जड लाइन, साडेसात फुटी लीडर, टोकाला १२ ते १५ पौंडी तंगूस.

माशाने फ्लाय घेतली की ट्राउटच्या सवयीने रॉड वर उचलू नका. रॉड वाकून झटका गिळतो आणि बासच्या टणक तोंडात गळ रुतत नाही. टोक पाण्याकडेच ठेवून दुसऱ्या हाताने लाइन जोरात मागे ओढा. पाणवनस्पतींत टाकणार असाल तर गळाला वीडगार्ड (टोक वनस्पतींत अडकू न देणारी आडकाठी) हवाच, नाहीतर बासपेक्षा शेवाळच जास्त लागेल.