निर्जीव ‘पाळीव’ सोबत्यांची पूर्वपीठिका

जिवंत प्राण्याऐवजी घरात ठेवायच्या गमतीच्या वस्तूंचा इतिहास सांगताना ‘पेट रॉक’ला टाळून पुढे जाता येत नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस येथे एका बारमध्ये मित्रमंडळी आपापल्या कुत्र्यामांजरांविषयी कुरकुर करत असताना, जाहिरातक्षेत्रात काम करणाऱ्या गॅरी डाल यांनी पाळायला दगडासारखे दुसरे काही नाही, असे गमतीने म्हटले आणि पुढे तो विनोद चक्क विकायला काढला. मेक्सिकोच्या रोझारितो किनाऱ्यावरचा गुळगुळीत गोटा, हवेसाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके आणि किंमत सुमारे चार डॉलर, असा तो सगळा मामला होता.

लोकांनी पैसे मोजले ते खरे तर सोबतच्या ३२ पानी पुस्तिकेसाठी. ‘बस’ आणि ‘थांब’ या आज्ञा दगड चटकन शिकतो, ‘लोळ’ म्हटल्यावर मात्र मालकाला थोडा हात लावावा लागतो, असे तीत गंभीर चेहऱ्याने सांगितले होते. नवा दगड बिथरलेला वाटल्यास त्याला जुन्या वर्तमानपत्रावर ठेवण्याचाही सल्ला होता. दहा लाखांहून अधिक दगड खपले, पण नाताळ सरताच मागणी आटली. विनोद एकदा ऐकून झाला होता, आणि दगडाला मालकाकडून काहीच नको असल्यामुळे मालकालाही त्याच्याकडे पुन्हा वळण्याचे कारण उरले नव्हते.

हे गणित जपानच्या बांदाई कंपनीने १९९६ साली नेमके उलटे मांडले. अंड्याच्या आकाराच्या ‘तामागोची’त चिमुकला पडदा आणि तीन बटणे एवढेच होते, परंतु पडद्यावरचे पिल्लू भूक लागली की पीं-पीं करून बोलावत असे, त्याची घाण काढावी लागे, आणि दुर्लक्ष झाले तर ते मरत असे. डाल यांनी कष्टांतून सुटका विकली होती. इथे कष्टच विकले जात होते आणि मुले ते हौसेने करत होती. वर्गातही ती बटणे दाबू लागल्यावर अनेक शाळांनी खेळण्यावर बंदी घातली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील निर्णायक वळण हेच आहे, कारण जिव्हाळा लागायला समोर जीव असावाच लागतो असे नाही, त्याने आपल्यावर विसंबलेले असणे पुरते, हे येथे उघड झाले. १९९८ चा बडबडा ‘फर्बी’ त्याच वाटेने आला.

१९९९ साली सोनीने ‘आयबो’ हा यांत्रिक कुत्रा आणला, तेव्हा अडीच लाख येन किंमत असूनही जपानसाठी राखलेले ३,००० नग इंटरनेटवरून सुमारे वीस मिनिटांत संपले. २००६ मध्ये उत्पादन आणि २०१४ मध्ये कंपनीची दुरुस्तीसेवाही बंद झाल्यावर, जे सुटे भाग मिळेनात ते बंद पडलेल्या आयबोंमधून काढून घेण्याची वेळ आली. असे भाग काढण्यापूर्वी चिबा प्रांतातील एका बौद्ध मंदिरात त्या यंत्रांसाठी अंत्यविधी होऊ लागले. दरम्यान ‘पारो’ या सीलच्या पिल्लासारख्या रोबोला २००९ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली होती, आणि विस्मरणाने ग्रासलेल्या वृद्धांच्या शुश्रूषेत त्याचा वापर होऊ लागला होता.

२०१८ मध्ये आयबो नव्या रूपात परतला. जिवंत कुत्र्याच्या खाण्याचा आणि औषधपाण्याचा खर्च यात नाही हे खरे. मात्र जपानमध्ये त्याच्या किमतीखेरीज इंटरनेटवर चालणाऱ्या सेवेची वर्गणीही वेगळी भरावी लागत होती.