आयथम मोटच्या भिंतीत डोरोथीबाईंना चिणलं होतं का?

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आयथम मोट हा चौदाव्या शतकातला चौसोपी वाडा आहे, भोवती पाण्याने भरलेला खंदक. गोष्ट अशी फिरते: 1605 मध्ये पार्लमेंट तोफेच्या दारूने उडवायचा कट या घरच्या डोरोथी सेल्बी यांनी निनावी पत्र लिहून फोडला, म्हणून त्यांना भिंतीत जिवंत चिणलं. पुढे दुरुस्तीत सांगाडाही सापडला म्हणे!

तारखा बघा. बाई वारल्या 1641 मध्ये. सूड उगवायला 36 वर्षं? कटाचे म्होरके तर 1606 च्या जानेवारीअखेर संपलेही होते.

घोळ झाला तो आयथमच्या चर्चमधल्या त्यांच्या स्मारकामुळे. बाईंच्या कलेने कट उघड केला, असं त्यावर कोरलंय. पण ही कला सुईदोऱ्याची. बाई भरतकामात नावाजलेल्या. कटाचा प्रसंग त्यांनी कापडावर भरला होता आणि तेच दृश्य स्मारकाच्या पाटीवरही कोरलेलं दिसतं. लोकांनी अर्धी ओळ वाचली आणि बाईंना हेर करून टाकलं.

खरं तर या वाड्याला भुताची गरजच नाही. चौकात सेंट बर्नार्ड कुत्र्यासाठी बांधलेलं भलंमोठं घर आहे, आणि त्यालाही ग्रेड वन, म्हणजे तिथलं सर्वोच्च संरक्षण आहे.