स्टॉपर दोन असतात: टायर वळताना घासतो की दबताना?

"भाऊ, गाडी टायर खाई ऱ्हायनी."

जुन्या महिंद्रा थारचा पुढचा टोर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी सळी) काढून तिथे एमएम ५४० या जुन्या महिंद्रा जीपची हाउसिंग, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल, पाट्यांवर बसवली आणि ३१ इंची टायर चढवले, की थोड्याच दिवसांत आमच्याकडे हे वाक्य ऐकू येतं. त्यावर उत्तरही ठरलेलं: "स्टॉपर अ‍ॅडजस्ट करून घे." पण कोणता स्टॉपर? पुढच्या हाउसिंगला दोन वेगळे स्टॉपर असतात. गॅरेजात दोघांनाही एकच नाव आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला स्टिअरिंगचा. नकलजवळ, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याजवळ, चेकनट लावलेला साधा बोल्ट असतो. पूर्ण कट मारला की तो टेकतो आणि चाक तिथेच थांबतं. दुसरा म्हणजे बंप रबर, चेसिस आणि हाउसिंगच्या मध्ये. खड्ड्यात पाटे दबले की हाउसिंग वर येऊन त्या रबरावर बसते. चाकाने किती वळायचं हे बोल्ट ठरवतो, किती वर यायचं हे रबर.

माझ्या गाडीत याचीच गल्लत झाली. टायर खड्ड्यात घासत होता आणि एका गॅरेजात नकलचा बोल्ट चार आटे बाहेर काढून दिला. तोरणमाळला जाताना सात पायरीच्या घाटात जे वळण मी एका दमात घेत असे, तिथे रिव्हर्स टाकावा लागला. मागे माणसांनी भरलेली पिकअप आणि बाजूला दरी. एवढं करूनही खड्डा आला की तोच खर्रर्र आवाज. परत आल्यावर मडगार्डखाली बॅटरी मारून पाहिलं. आतल्या काठाचा रंग उडून पत्रा चकाकत होता आणि टायरच्या खांद्यावरच्या गुट्ट्यांच्या (रबराच्या ठोकळ्यांच्या) कडा विळ्याने छाटाव्यात तशा गेल्या होत्या. पाटे मात्र कोरडे, धुळीने माखलेले. म्हणजे वळताना काहीच घासत नव्हतं.

खूण कुठे पडली आहे हे आधी बघा, पाना नंतर उचला. वळताना घासणारा टायर आतल्या बाजूने घासतो. पाट्याच्या कडेवर किंवा चेसिसवर काळा, गुळगुळीत पट्टा दिसतो आणि टायरच्या आतल्या भिंतीवर गोल रेघ उमटते. दबताना घासणारा टायर वर घासतो, मडगार्डच्या काठाला किंवा आतल्या पत्र्याला. शंका असेल तर संशयित जागांवर खडू चोळा आणि गाडी शेताच्या बांधावर एक चाक चढवून हळूहळू घ्या. जिथला खडू पुसला गेला, तिथेच घासतंय.

हिशेब केला की हे का होतं तेही कळतं. जुन्या थारचा मूळ टायर २३५/७० आर १६, म्हणजे उंचीला साधारण ७३५ मिलिमीटर. ३१ × १०.५ इंचांचा टायर ७८७ च्या आसपास. टायरचा माथा चाकाच्या मध्यापासून २६ मिलिमीटर वर गेला. रुंदी २३५ वरून २६७ झाली, त्यातली निम्मी, म्हणजे १६ मिलिमीटर, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) तोच असेल तर आत गेली. वरचे २६ बंप रबराचा प्रश्न, आतले १६ स्टिअरिंगच्या बोल्टचा.

आतलं घासणं थोडं असेल तर बोल्ट एकेक आटा बाहेर काढत, दोन्ही बाजूंना तपासत जायचं. वळण मोठं होतं, ही त्याची किंमत. जास्त असेल तर बाहेर निघणारी डिस्क (रिम) किंवा चाकामागे स्पेसर, म्हणजे जाड चकती. पण मग टायर बाहेर सरकतो, मडगार्डच्या ओठाला लागू शकतो आणि बेअरिंगवर ताण वाढतो. बोल्ट काढून फेकण्याचा विचारही नको. हाउसिंगच्या टोकाशी शाफ्टचा जो क्रॉस (वळता सांधा) आहे, त्याच्या वळण्याला मर्यादा असते आणि तो बोल्टच त्याला वाचवतो.

वरच्या घासण्यात थोडं थांबायला हवं, कारण ते पुष्कळदा सरळ वर नसतं. पाटा दबला की सपाट होतो आणि लांबतो. एक टोक पिनवर पक्कं, दुसरं शॅकलवर, म्हणजे झुलत्या पट्टीवर, मोकळं, म्हणून हाउसिंग पक्क्या टोकापासून दूर सरकते. शॅकल मागे बसवली असेल तर चाक वर येतानाच मागेही जातं आणि मडगार्डचा मागचा कोपरा खातं. शॅकल पुढे असेल तर उलट, चाक पुढे जातं. उभ्या गाडीत मधोमध दिसणारं चाक पाहून फसू नका.

रबराची जागा ठरवायला एक चाक उंचावर चढवून पाटा पुरता दाबा. टायर पत्र्याला टेकतो तेव्हा हाउसिंग आणि चेसिसमधलं अंतर मोजा, त्यात किमान इंचभर वाढवा, आणि रबर पूर्ण चेपल्यावरही तेवढं अंतर उरेल असं लावा. आपल्या काळ्या मातीत मी दीड इंच धरतो. पहिल्या पावसात कापसाच्या शेतातून गाडी काढली की चिखलाचा थर टायरवर चढतो आणि इंचाची फट भरून जाते. रबर खाली आणलं की चाकाची वरची चाल कमी होते, गाडी कडक आदळते. ते नको असेल तर मडगार्ड कापा. लांब शॅकल हा मला न पटणारा उपाय आहे: शॅकल दोन इंच वाढवली तरी गाडी जेमतेम एक इंच उठते, आणि शॅकल पुढे असेल तर कॅस्टर (चाक ज्या रेषेवर वळतं तिचा मागे झुकाव) कमी होऊन हायवेवर स्टिअरिंग भरकटतं.

(अ‍ॅक्सल बदलण्याआधी आरटीओचं बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ अशा फेरफाराबद्दलच आहे.)

दोन्ही स्टॉपर लावून झाले की एक तपासणी उरते. घाटातल्या वळणावर बाहेरचं चाक एकाच वेळी वळलेलंही असतं आणि दबलेलंही. म्हणून चाक बांधावर चढलेलं असतानाच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, मग दुसरं चाक चढवून पुन्हा. सोबत एक माणूस मडगार्डपाशी बसवा, पण हात आत न घालता, बॅटरी घेऊन.